पाखरू कुठं बोललं

जऊळका स्टेशन,
रविवार, १४ सप्टेंबर २०२५

प्रिय मावशी,

सप्रेम जय भीम.

हे पत्र मी जऊळका स्टेशनच्या बाकावर बसून लिहिते आहे. गाडी धरायची नाही. आमच्या तांड्यावर नेटवर्क एकाच कडुलिंबाखाली येतं आणि तेही वाऱ्याच्या मर्जीनं. इथे मात्र चारही रेघा भरलेल्या असतात. म्हणून दर रविवारी डबा घेऊन मी इथे येते आणि आठवड्याचे धडे फोनमध्ये उतरवून घेते. स्टेशनमास्तर आता ओळखतात. "आज काय नेता मॅडम?" म्हणून विचारतात, जशी मी बाजाराला आले आहे.

आणि खरंच बाजार आहे गं. चित्रांच्या गोष्टींची पुस्तकं, मोठ्या अक्षरांतली, फुकट. पृथ्वीचा आकाशातून काढलेला फोटो, त्यात आमच्या शाळेचे पत्रेही दिसतात. चंद्रावरचे खड्डे. मी पहिल्यांदा हे सगळं बघितलं तेव्हा मला बारा वर्षं खडू-फळ्यावर काढल्याचा राग आला, मग हसू आलं. मुख्याध्यापक बाबूसिंग सर चष्म्यावरून बघत म्हणाले, "मॅडम, फुकट देते तं मंग आपल्याकून काय घेते?" मी म्हटलं, काही नाही. त्यांना पटलेलं नाही.

तुला फोनवर माझं अर्धंच ऐकू येतं, आणि मेसेज वाचून तू म्हणतेस, दोन ओळींत कुणाचं बरंवाईट कळतं का. म्हणून आजपासून पत्र. तूही लिही.

आता मुख्य गोष्ट. गेल्या रविवारी मला अशी एक जागा सापडली की मी बाकावरून उठून उभीच राहिले. जगभरातली माणसं आपापल्या गावच्या पाखरांचे आवाज टिपतात आणि तिथे ठेवून देतात. कुणीही घ्या, कुणीही ऐका. मी वीस आवाज उतरवले आणि शुक्रवारी तिसरी-चौथीला पक्ष्यांचा पाठ घेतला. पुस्तक मिटून. तुझ्या मुलाने, प्रसेनजितदादाने, दिलेला तो छोटा स्पीकर खिडकीत ठेवला, म्हणजे ओट्यावरच्या पहिली-दुसरीच्या पोरांनाही ऐकू जावं. आवाज लावायचा, पाखरू ओळखायचं.

मावशी, तुला रीताबद्दल सांगितलं होतं ना? चौथीतली. दोन वर्षांत 'हजर'शिवाय शब्द नाही. तिने पहिल्या आवाजाला पुरता वाजूही दिला नाही. हात वर. "तित्तर." पुढचा, हात वर. सात पाखरं तिने ओळखली, आणि आठव्याला म्हणाली, "मॅडम, हे लहान हाय, पिल्लू." मी फोनमध्ये बघितलं तर खरंच पाखराच्या नावापुढे पिल्लू लिहिलेलं. पिंगळा तर पोरांनी सहा वेळा लावायला लावला. एवढंसं घुबड ते, पण कसं किंचाळतं. एकोणीस पोरं एकोणीस पिंगळे झाली. बाबूसिंग सर दारात येऊन कान झाकून उभे.

रीताचं या वर्षी जमलं आहे. तिचे आईवडील, हेमला आणि बादल, दिवाळीनंतर सांगलीकडे ऊसतोडीला जातात आणि तिला सोबत नेतात. वैशाखात ती परत येते तेव्हा वाचायला विसरलेली असते. या वर्षी मी तीन महिने त्यांच्या अंगणात जाऊन बसले, आणि शेवटी तिची आजी धनीबाई म्हणाली, "राहू द्या पोट्टीले माह्याजवळ." मी घरी येऊन एकटीच नाचले.

काल शनिवारच्या सकाळच्या शाळेला रीता आली नाही. ताप असेल, हवा पावसाळी आहे.

तुझी,
धम्मा


रिसोड,
१८ सप्टेंबर २०२५

धम्मा,

जय भीम. किती दिवसांनी माझ्या नावाचं पाकीट आलं. पोस्टमनने दारातून हाक मारली असेल, मला ऐकू आली नाही, तर त्याने खिडकीतून हात घालून पत्र माझ्या मांडीवरच टाकलं. सून घाबरली. मी नाही.

तुझं पत्र तीन वेळा वाचलं. एकोणीस पिंगळे मला दिसले. आमच्या वेळी मी पोरांना पाखरं शिकवायला चित्रांचा तक्ता लावायचे आणि पोरं तक्त्याला बसलेली पाल बघायची. एकतीस वर्षं नोकरी केली, पण शिकवताना उठून उभी राहिले असं मला आठवत नाही. तू राहिलीस, बरं वाटलं.

पण एका ओळीवर माझी नजर अडकली. मला तीन गोष्टी सांग. पिंगळा तू किती वाजता वाजवलास? ती खिडकी कुणाच्या घराकडे उघडते? आणि त्या वेळी त्या घरातून कुणी कुठे निघालं होतं का?

हसू नकोस. माझी सासू, म्हणजे तुझ्या काकांची आई, विहारात वंदना म्हणून यायची, पंचशील घ्यायची, आणि निघताना पिंगळा बोलला तर पिशवी खाली ठेवून पुन्हा बसायची. विचारलं तर म्हणायची, पाय दुखून राह्यले. आपल्याकडे असं. मग तू आहेस तो तर बंजाऱ्यांचा तांडा. त्यांचे आजे-पणजे बैलांवर मीठ आणि धान्य लादून मुलखभर फिरायचे. बैल लादायच्या आधी पाखरू काय म्हणतं ते ऐकायचे, मग निघायचे. आता बैल नाहीत, ट्रक आहेत. पण निघणं तेच आहे.

रीताला ताप नसावा असं मला वाटतं.

तुझी,
बेबीमावशी


तांडा,
२२ सप्टेंबर २०२५

प्रिय मावशी,

जय भीम. तू रिसोडला घरात बसून हे कसं ओळखलंस? मी तिथेच आहे आणि मला नऊ दिवस कळलं नाही.

अकरा वाजता वाजवला. खिडकी धनीबाईच्या अंगणावर उघडते. आणि बादल त्याच वेळी मुकादमाकडे निघाला होता, पोरगी या वर्षी मागे ठेवतो म्हणून सांगायला.

हेमलाने सांगितलं. पाण्यावर भेटली तेव्हा ती माझ्याकडे बघेना. मग म्हणाली, मॅडम, रीता नाही राहणार, सोबत जाणार आहे. मी शाळा सुटल्यावर तडक त्यांच्या घरी गेले. धनीबाई बाजेवर बसली होती, रीता तिच्या पायाशी. मी म्हटलं, "धनीबाई, तो पिंगळा खरा नव्हता. माझ्या फोनमधला होता."

"फोन बोलते का पिंगळ्यावानी?"

"नाही. कुणीतरी पिंगळ्याचा आवाज भरून ठेवला होता."

"म्हंजे पिंगळाच बोलला."

"हो, पण तो इथे नव्हता, तो..."

"पाखराचा आवाज पाखराचाच असते, मास्तरीन. झाडावरून आला काय, आन फोनातून आला काय. बादलनं उंबऱ्याबाहेर पाय टाकला आन डाव्या हातानं बोलला. एक डाव नाई, सहा डाव."

सहा, मावशी. ते सहा मी वाजवले. पोरं 'अजून एकदा' म्हणत होती आणि मी खुशीत वाजवत होते. धनीबाईचं म्हणणं असं की शकुन पोरीला मागे ठेवण्याविरुद्ध आहे. मागे ठेवली तर तिचं काहीतरी वाईट होईल. त्यापेक्षा उसाच्या फडात आईच्या डोळ्यांसमोर असलेली बरी. तिचं नातीवर प्रेम आहे, म्हणूनच ती अडून बसली आहे, हे मला दिसत होतं. तरीसुद्धा मी जे बोलले ते बोलले. ते राहू दे.

मी तिला फोन उघडून दाखवला, हा बघा, असा वाजतो. तिने तोंड फिरवलं. रीता मात्र फोनकडे बघत होती.

शाळेत खिडकी बंद करून शिकवते आहे. परवा आकाशातून काढलेल्या फोटोत पोरांनी आपापली घरं शोधली. गंमत आली. पण दुसऱ्या रांगेतली रीताची जागा रिकामी असते, आणि गंमत तिथे जाऊन थांबते.

दिवाळीला एकच महिना राहिला आहे.

तुझी,
धम्मा


रिसोड,
२७ सप्टेंबर २०२५

धम्मा,

'ते राहू दे' असं लिहून तू पुढे गेलीस, मी गेले नाही. तू तिला काय बोललीस ते मी विचारत नाही. मी काय बोलले होते ते सांगते.

नोकरीचं दुसरं वर्ष. एका पोरीच्या गळ्यात हे एवढाले तीन ताईत. गालफुगीसाठी बांधलेले. तिची आई तिला सोडायला आली तेव्हा मी सगळ्या पोरांसमोर ते ताईत हातात धरून आईला चांगलं झाडलं. दवाखाना आहे, औषध आहे, हे काय बांधलंय. माझा शब्दनशब्द बरोबर होता. दुसऱ्या दिवसापासून पोरगी शाळेत आली नाही. कधीच आली नाही. मी बरोबर होते, धम्मा, आणि ती शाळेत नव्हती. तिचं नाव आजही मला हजेरीतल्या क्रमांकासकट पाठ आहे. हे मी तुझ्या काकांनाही सांगितलं नव्हतं.

तू धनीबाईला पटवायला जाऊ नकोस. ऐकायला जा. मला ऐकू येईनासं झाल्यापासून एक गोष्ट कळली आहे. समोरचा आपलं ऐकत नाही हे माणसाला लगेच कळतं, मग तो बोलायचं सोडून देतो. माझ्या घरातही आता माझ्याशी थोडंच बोलतात. त्यांचा दोष नाही. पण तुझे कान चांगले आहेत.

आणि एक साधी शंका. बाबूसिंग सर विचारतात ते मलाही विचारायचं होतं. फुकट असलं तरी दिलं कुणीतरी असेलच ना? तो पिंगळा झाडावर बसला होता, खाली कुणीतरी यंत्र धरून उभं होतं. कोण होतं ते? लिहिलेलं असतं का तिथे?

खिडकी उघड. पोरांना उकडत असेल.

तुझी,
मावशी


जऊळका स्टेशन,
रविवार, १२ ऑक्टोबर २०२५

प्रिय मावशी,

जय भीम. उत्तराला उशीर झाला, पण आज पत्र मोठं आहे. आणि आधी सांगून टाकते, रीता शुक्रवारपासून शाळेत यायला लागली आहे. आता नीट बस आणि वाच.

मी धनीबाईला काय म्हणाले होते ते तुला लिहायची लाज वाटली होती. हेमला आणि रीतासमोर म्हणाले होते, "तुमच्या अडाणीपणानं पोरीचं वाटोळं होईल." तुझं पत्र वाचून मी आधी रडले आणि मग तुझ्या शंकेचं उत्तर शोधायला स्टेशनवर आले. मावशी, लिहिलेलं असतं. प्रत्येक आवाजाखाली लिहिलेलं असतं. गाव, तारीख, वेळ, टिपणाऱ्याचं नाव. मी वीस आवाज घेतले आणि पाखराच्या नावाखालची एकही ओळ वाचली नव्हती. पोरांना 'पुस्तकावर लेखकाचं नाव वाचा' म्हणून शिकवणारी मी.

गुरुवारी शाळा सुटल्यावर गेले. धनीबाई सुपात मूग निवडत होती. मी खाली बसले आणि म्हटलं, "मी त्या दिवशी चुकीचं बोलले. माफी मागायला आले."

ती मूग निवडत राहिली. मग म्हणाली, "पोट्टी रोज मले पाखराइचे आवाज काढून दाखवते. तुह्या फोनातले."

"तुम्हाला किती पाखरं ओळखू येतात?"

"सांगून काय व्हते? तूच आयकव."

मी आवाज बारीक करून एकेक लावत गेले. मावशी, ती डोळे मिटून ऐकते. सूप मांडीवर, बोटं मुगात तशीच थांबलेली. "तित्तर हाय, पन आपल्याकडला नाई, याचं बोलनं येगळं." "हा कोतवाल. कोनाले तरी फसवून राह्यला." "हे मादी." मी फोनमध्ये बघत होते आणि ती मला न बघता सांगत होती. बारा आवाजांत ती एकदाही चुकली नाही, एकदा तर फोनमध्ये लिहिलेलं नावच चुकलं आहे, असं तिने सांगितलं.

तेराव्याला पिंगळा होता. मी फोन पदराखाली घेतला.

"लाव," ती म्हणाली. "मले म्हायती हाय तुह्याजवळ हाय."

लावला. पुन्हा लावायला सांगितला. मग तिने डोळे उघडले.

"मागं बकऱ्या हायेत."

मी कान लावला. खरंच, पिंगळ्याच्या मागे अगदी बारीक घंटा वाजत होत्या. सहा वेळा वाजवूनही मला ऐकू आल्या नव्हत्या.

"लय बकऱ्या हायेत आन चालून राह्यल्या. म्हंजे घरी येऊन राह्यल्या. म्हंजे सांजची येळ हाय." मग माझ्याकडे वळून, "हा कुठं बोलला?"

मी त्या आवाजाखालची ओळ उघडली. मी वाचलं. रायचूरजवळचं एक गाव. नऊ मार्च, दोन हजार एकोणीस. संध्याकाळी सहा वाजून पन्नास मिनिटं. मला वाटतं मी ते ओरडूनच वाचलं, कारण हेमला चुलीपासून उठून आली.

धनीबाईला माझ्याइतकं नवल वाटलं नाही. बकऱ्यांवरून वेळ तिला कळलीच होती. तिने फक्त रायचूर कुठे आहे ते विचारलं. मी सांगितलं, कर्नाटकात. तिने दोन मूठ मूग निवडले आणि म्हणाली, "पाखरू जिथं बोलते, जवा बोलते, जे आयकून राह्यलं त्याचंच थे राह्यते. सहा वर्सांमागचं रायचूरचं बोलनं मी बादलच्या डोक्यावर कायले घेऊ?"

हेमला हसली. रीता घरात पळाली आणि दप्तर घेऊन आली.

पण मी घाई केली. म्हटलं, "मग रीता राहणार ना?" धनीबाई म्हणाली, "पाहू. निंघायच्या दिवशी इथलं पाखरू काय बोलते, थे पाहू." तेवढ्यावर अडली आहे. तीन नोव्हेंबरला ट्रक येणार आहे.

आणि मला एक सांग, मी चूक केली का? मी तिला शकुन खोटा असतो हे सांगितलंच नाही. उलट तिच्याच शकुनाच्या हिशोबात बसून जिंकले. काल विहारात बसले होते तेव्हा हे मनात येत होतं. आनंद झाला आहे, फार झाला आहे, पण त्याला एक बारीक खडा लागतो आहे.

तुझी,
धम्मा


रिसोड,
१६ ऑक्टोबर २०२५

धम्मा,

तुझं पत्र मी सुनेला मोठ्याने वाचून दाखवलं. माझा आवाज मला ऐकू येत नाही म्हणून मी फार मोठ्याने वाचते, त्यामुळे गल्लीलाही कळलं.

खड्याचं सांगते. ती बाई म्हणाली, कुठे बोलला, कधी बोलला, कुणी ऐकलं. आधी पुरावा ऐकला, मग त्यावरून वेळ काढली, मग ताडून बघितली, मग आपलं मत बदललं. आपण चौथीपर्यंत पोरांना हेच शिकवायचा प्रयत्न करतो ना? तिच्याकडे ते आधीपासून होतं. तू फक्त वाट करून दिलीस. उरलेलं काम एका दुपारी होत नाही. माझ्या सासूचं बावीस वर्षांत झालं नाही, आणि तरी ती चांगली उपासिका होती.

मात्र तू इतकं घेतलंस तर काही देऊनही ये. त्या जागेवर आपल्याकडचा एकही आवाज नसेल तर मला वाईट वाटेल. मला ऐकू येणार नाही, पण आहे एवढं कळलं तरी पुरे.

तीन तारखेला मी सकाळपासून खिडकीत बसणार आहे. काय होतं ते लगेच लिही, पोस्टाची वाट बघवत नाही मला.

मावशी


तांडा,
सोमवार, ३ नोव्हेंबर २०२५

प्रिय मावशी,

जय भीम. रीता राहिली. हे आधी लिहिलं, आता सावकाश सांगते.

दिवाळीच्या पाडव्याला तांड्यातल्या पोरी पहाटेच नटूनथटून रानात फुलं आणायला जातात. सुट्टी होती तरी मी आले. धनीबाई पोरींच्या मागे काठी घेऊन निघाली, मी तिच्या मागे फोन घेऊन. तिने मला कुठे उभं राहायचं ते सांगितलं, कधी श्वास रोखायचा तेही. नऊ आवाज मिळाले. मध्येच ती पोरींना काहीतरी समजावत होती, ते त्यांच्या गोरमाटी बोलीत, माझं लक्ष फोनकडे होतं. दुसऱ्या रविवारी मी स्टेशनवर बसून ते नऊ आवाज वर चढवले. गाव, तारीख, वेळ. टिपणाऱ्याचं नाव, धनीबाई राठोड. बाबूसिंग सरांनी ते स्वतःच्या फोनवर शोधून पाहिलं आणि दिवसभर भेटेल त्याला दाखवत फिरले.

आज सकाळी सहाला ट्रक उभा होता. भांडी, गोधड्या, कोंबड्यांची खुराडी. हेमलाने रीताचं गाठोडंही बांधून चाकापाशी ठेवलं होतं, कारण आजीचं 'पाहू' कुठे वळेल ते कुणालाच माहीत नव्हतं. धनीबाई पुढे जाऊन शेतांकडे तोंड करून उभी राहिली. हात वर केला, तसं ड्रायव्हरने इंजिन बंद केलं.

मावशी, मी शकुन न मानणारी. आणि मी तिथे मुठी आवळून उभी होते, की एकही पाखरू बोलू नये.

टिटवी बोलली. तुरीतून, डाव्या हाताला. एकदा नाही, सारखी, थांबेच ना. कुणी कुणाकडे बघितलं नाही. हेमला वाकली, गाठोडं उचललं आणि ट्रकमध्ये टाकायला हात वर केले.

तेवढ्यात रीता ओरडली. पुढचं सगळं ती गोरमाटीत बोलली, मला बाबूसिंग सरांनी नंतर सांगितलं; 'याडी', म्हणजे आई, तेवढं मात्र मला कळलं. "टाकू नको याडी. थे आपल्याले नाई बोलली."

धनीबाई वळली. "मंग कोनाले?"

"कुत्र्याले. मानूस दिसला तं टिटवी थांबून थांबून बोलते. कुत्रं दिसलं तं अशी, दम न घेता. तूच सांगतलं ना फुलाच्या दिवशी."

"आन कुत्रं नसन तं?"

"हाय. पाह्य तूच."

सगळा तांडा तुरीकडे बघायला लागला. कुत्रं निघालं का ते मला विचारू नकोस. लोक हसले, टाळ्याही वाजल्या, पण मी तुरीकडे बघत नव्हते. मी रीताकडे बघत होते. दोन वर्षं 'हजर'शिवाय न बोललेली पोरगी ट्रकसमोर, मुकादमासमोर, सगळ्या तांड्यासमोर हात कमरेवर ठेवून उभी होती.

धनीबाईने हेमलाच्या हातातून गाठोडं घेतलं आणि स्वतःच्या डोक्यावर ठेवलं. ड्रायव्हरला म्हणाली, "निंघा."

हेमला चढली. बादलने पोरीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि तोही चढला. रीता रडली. धनीबाई रडली नाही, पण ट्रक वळेपर्यंत ते गाठोडं तिने डोक्यावरून उतरवलं नाही.

साडेदहाला रीता शाळेत आली. डोळे सुजलेले. मी ठरवलेला पाठ बाजूला ठेवला. ती म्हणाली, "मॅडम, सांगली दाखवा." एकोणीस पोरं माझ्या फोनभोवती. आकाशातून काढलेल्या फोटोत तिने तांड्यापासून रस्त्यावर बोट ठेवलं आणि पुढे नेत गेली. ट्रक रिसोडवरून जाणार होता, तिथे बोट आलं तेव्हा मी म्हटलं, इथे माझी मावशी राहते. "ज्याइले आयकू येत नाई थ्या?" एकाने विचारलं. मी म्हटलं, त्याच. बोट पुढे गेलं. खूप वेळ लागला. सांगलीकडचे उसाचे हिरवे चौकोन आले तेव्हा ती थांबली.

"मॅडम, इथल्या पाखराइचे आवाज हायेत का?"

मी सगळ्यांना कडुलिंबाखाली नेलं. शोधलं. होता एक, तिकडच्याच एका गावातला. उतरायला लागला. चार टक्के. नऊ. वारा पडला की थांबायचा. पोरं वाऱ्याकडे बघत होती, पारावर कुणी हलत नव्हतं. एवढी शांत शाळा मी कधी पाहिली नाही, मावशी, आणि एवढी अधीर. एकाहत्तर. ब्याण्णव. झाला.

मी फोन रीताच्या हातात दिला. तिने डोळे मिटले, अगदी तिची आजी मिटते तसे. तांबट होता, टुक टुक टुक करत. पण ती पाखरू ऐकत नव्हती, मागचं ऐकत होती.

"उसाचं पान वाजून राह्यलं," ती म्हणाली. आणि मग हसली. "याडी उद्या हेच आयकन."

तुझी,
धम्मा